दोन काठांचे आठ

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलाभोवती सहा माणसं बसली होती आणि त्यातल्या पाच जणांचे फोन फ्रिजवरच्या बिस्किटांच्या डब्यात बंद होते. झाकण साहेबांनी स्वतः दाबून लावलं होतं आणि वर पाण्याने भरलेला जग ठेवला होता, म्हणजे कुणी डब्याला हात घातला तर कळावं. सहावे आजोबा. त्यांच्याकडे फोन नव्हता, म्हणून त्यांचं कानातलं यंत्र काढून घेतलं होतं.

साहेब म्हणजे सुनेचे सासरे. बायकोसकट जवळजवळ अख्खं घर त्यांना साहेबच म्हणे, आणि त्यांनीही कधी नको म्हटलं नाही. दोन देशांनी एका नदीचं पाणी न भांडता कसं वाटून घ्यावं, यावर त्यांनी सरकारी नोकरीत हयात घालवली. परदेशातल्या थंडगार सभागृहांत परस्पर विश्वासावर भाषणं ठोकली, परक्यांच्या नद्यांची भांडणं मिटवायला विमानानं गेले. आणि आज स्वतःच्या घरात, स्वतःच्या माणसांचे फोन डब्यात कोंबून, कोण कुणाकडे बघतंय हे बघत बसले होते.

सुनेला हसू आलं. ते तिनं घासाबरोबर गिळलं. हसण्यासारखी तिची गत नव्हती. ती पलीकडची होती, म्हणजे नदीपलीकडच्या देशातली. लग्नाला सहा वर्षं झाली, कागदपत्रं बदलली, इथल्या नकाशा कचेरीत नोकरी लागली. तिचं नाव मात्र या घरात कुणाच्या तोंडी बसलं नाही. पाठीमागे सगळे तिला 'पलीकडची' म्हणत. शुक्रवारपासून तोंडावर म्हणायला लागले होते.

शुक्रवारी झालं होतं ते असं. मंत्रालयात एक निनावी पाकीट आलं. आत एका जुन्या वहीच्या पानाची झेरॉक्स. पानावर आजोबांच्या अक्षरात बारा ओळी, अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या बारा महिन्यांच्या बारा एक तारखा, आणि दर ओळीच्या शेवटी तेच एक वाक्य: 'वरचं पाणी अजून यायचंय.' वरिष्ठांनी साहेबांना बोलावून एक प्रत हातात दिली आणि सोमवारी चौकशी समितीपुढे हजर व्हायला सांगितलं. बुधवारी दोन्ही देशांच्या मिळून होणाऱ्या नदी आयोगाचा अध्यक्ष ठरणार होता आणि साहेबांचं नाव जवळपास पक्कं होतं. निवृत्तीला पाच आठवडे उरलेले असताना पुढची पाच वर्षं मोटार, झेंडा आणि विमानं त्यांच्याकडेच राहणार होती.

हे पान साहेबांच्या मुळावर का उठलं ते समजायला नदीची भानगड समजायला हवी. नदी आपल्या डोंगरात उगवते, चौकीपाशी दोन देशांच्या मधून वाहते आणि मग पलीकडे जाते. आपण त्यांना ठरलेलं पाणी सोडायचं, असा करार. ते सोडलं की नाही हे बघायला दोन्ही काठांवर एकेक लोखंडी मोजपट्टी, आणि ज्याने त्याने आपली पट्टी सकाळी आठला वाचायची. करार लिहिणाऱ्या शहाण्यांनी 'सकाळी आठ' लिहिलं. कुणाचे आठ, ते लिहिलं नाही. पलीकडची घड्याळं आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे. त्यांचे आठ वाजतात तेव्हा आपले साडेसात. आणि डोंगरातल्या वीजघरातून सुटलेलं पाणी चौकीपाशी पोचतं आपल्या पावणेआठला. म्हणजे ते पट्टी वाचतात पाणी यायच्या आधी, आपण वाचतो पाणी आल्यावर. अठ्ठावीस वर्षं ते म्हणतात तुम्ही पाणी चोरता, आपण म्हणतो तुम्ही खोटे आकडे लिहिता. कुणी घड्याळाचा विषय काढला की साहेब हसून म्हणायचे, अर्ध्या तासात नदी बदलत नसते, तुमचा पट्टीवाला डुलक्या घेतो. टाळ्या पडायच्या.

आणि आता आपल्याच पट्टीवाल्याच्या अक्षरातलं पान सांगत होतं की त्यांचे आकडे खरे होते. हा पट्टीवाला म्हणजे साहेबांचे सख्खे वडील. चौकीवर छत्तीस वर्षं पट्टी वाचून निवृत्त झालेले आजोबा, जे या क्षणी सगळ्यांच्या ओठांकडे आळीपाळीनं बघत भाजी चिवडत होते.

"कपाटाच्या किल्ल्या दोनच," साहेब म्हणाले. "एक माझ्याकडे. दुसरी कुणाकडे आहे?"

सगळ्यांना माहीत होतं. आजोबा निवृत्त झाले तेव्हा चौकीवरच्या जुन्या वह्यांची ट्रंक रद्दीत निघाली होती. ती साहेबांनी घरी आणली आणि लोखंडी कपाटात बंद केली. दुसरी किल्ली सासूबाईंच्या जुडग्यात होती.

सासूबाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. पस्तीस वर्षं ज्या माणसाचे शर्ट मोजून बॅगेत भरले, तो आपल्यावर संशय घेतोय हे आधी त्यांच्या डोक्यात शिरलं आणि मग डोळ्यांत. सुनेनं ते पाहिलं. पुढे काय होणार हेही तिला कळलं, कारण भिंतीला पाठ लागलेलं माणूस आधी शेजारच्याला ढकलतं.

"गेल्या महिन्यात मी कपाट पुसायला काढलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "मध्येच दार वाजलं म्हणून मी गेले. ही होती खोलीत."

झालं. पाच जोडी डोळे सुनेकडे वळले. आजोबांनाही कळलं की काहीतरी तिच्यावर आलंय, त्यांनी चमचा थांबवला.

काका सगळ्यात आधी तुटून पडले. काका म्हणजे साहेबांचे धाकटे भाऊ, डोंगरातल्या वीजघरात मशीन चालवून निवृत्त झालेले, आवाजाने आडदांड आणि मनाने घाबरट. ते म्हणाले की त्यांनी लग्नातच सांगितलं होतं, मुलगी कितीही चांगली असली तरी पुलापलीकडची आहे. दर महिन्याला पास काढून आईकडे जाते. जाताना पिशवीत काय असतं ते कुणी बघितलंय?

"औषधं असतात, काका," सून म्हणाली. "तुम्हीच एकदा पिशवी उचलून रिक्षेपर्यंत आणली होती. जड आहे म्हणालात."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा वकील. शुक्रवारपासून तो तिच्याशी धड एक वाक्य बोलला नव्हता, चहा आणि टॉवेल सोडून. तो ताटाकडे बघत होता, आणि त्याच्या डाव्या कोपराखाली एक निळी फाईल होती. जेवायला फाईल कशाला, हे तिला मघापासून खटकत होतं.

"साहेब, आता दाखवू का?" नवरा म्हणाला. स्वतःच्या बापाला साहेब.

त्यानं फाईल उघडली. आत टाइप केलेला एक कागद. त्यानं तो वाचून दाखवला नाही, तिच्या ताटाशेजारी सरकवला आणि कोर्टात अशिलाला समजावतात त्या थंड आवाजात समजावलं. मुद्दा असा की समितीपुढे दोन प्रश्न येणार: पानावर काय लिहिलंय, आणि पान बाहेर कसं गेलं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ठसठशीत मिळालं की पहिला प्रश्न मागे पडतो. सरकारी कागद घरातून चोरीला गेला, चोरणारी परक्या देशात जन्मलेली, म्हणजे सगळा गाजावाजा चोरीचा होईल, आकड्यांचा नाही. ती काही नदीच्या खात्यातली नोकर नाही, तिला कोण फासावर देतंय? फार तर ताकीद मिळेल.

"आणि पास?" तिनं विचारलं.

नवऱ्यानं कागदाची कड सरळ केली.

"पुलाचा पास राहील का माझा?"

"काही दिवस नाही मिळणार," तो म्हणाला. "वर्ष, दोन वर्षं. नंतर आपण अर्ज करू."

तिच्या आईचा अर्धा चेहरा लुळा होता. डाव्या बाजूनं घास सांडायचा. शेजारीण दोन वेळा येऊन जायची, आणि महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ही जायची, नखं कापायला, केस धुवायला, शेजारणीनं काय काय केलं नाही ते ऐकायला. वर्ष, दोन वर्षं. तिनं कागद वाचला. 'मी, खाली सही करणारी, असा जबाब देते की सदर पान मी घरातील कपाटातून काढून पलीकडे दिले.' तिचं पूर्ण नाव खाली टाइप केलेलं होतं. या घरात ते इतकं नीट तिनं पहिल्यांदाच पाहिलं. कागदावर शुक्रवारची तारीख होती. म्हणजे साहेबांनी घरात कुणाला काही विचारायच्या आधीच तो टाइप झाला होता.

"शुक्रवारीच ठरलं होतं," ती म्हणाली. "मग आजचं हे जेवण कशासाठी?"

"तुला वेळ द्यावा म्हणून."

"नाही. तुम्ही कुणीच केलेलं नाही, याची तुमची तुम्हाला खात्री करून घ्यायची होती."

नवऱ्यानं खिशातलं पेन काढून कागदावर ठेवलं. टोपण उघडून. त्या उघड्या टोपणाचा तिला जो राग आला तो कागदाचाही आला नाही.

ती सही करत नाही म्हटल्यावर साहेबांनी सूर बदलला. ते वीस देशांच्या माणसांशी बोललेले होते, त्यांना सूर बदलता येत असे. सूनबाई, हा घराचा प्रश्न आहे, म्हणाले. नदीचा प्रश्न म्हणशील तर त्यातही माझी चूक नाही. मी पट्टी वाचत नव्हतो, पाणीही सोडत नव्हतो. पाणी कधी सुटतं हे समितीनं विचारायचं झालं तर वीजघराला विचारावं लागेल.

हे वाक्य त्यांनी सुनेसाठी टाकलं होतं. ते जाऊन लागलं काकांना.

"म्हणजे?" काका म्हणाले.

"म्हणजे काही नाही. तू जेव."

"दादा, वीजघराला म्हणजे मला."

साहेब म्हणाले की तसं कुणी म्हणत नाहीये. काका म्हणाले की तसंच म्हणतोयस. मग त्यांनी ताट पुढे ढकललं आणि बोलायला लागले, आणि एकदा लागल्यावर थांबेनात. पूर्वी वीजघर सकाळी सहाला सुरू व्हायचं. पाणी चौकीला पोचायचं साडेआठला, म्हणजे दोन्ही पट्ट्या वाचून झाल्यावर. तेव्हा दोन्ही काठांचे आकडे जुळायचे, आणि दोन्हीकडे कमी यायचे. करार पाळला जात नाही हे आपल्याच वहीत रोज लिहिलं जायचं. मग एक दिवस पत्र आलं. उद्यापासून सव्वापाचला सुरू करा. पाऊण तास आधी. पाण्याचा एक थेंब वाढवायचा नव्हता, फक्त वेळ सरकवायची होती. दुसऱ्या दिवसापासून आपली पट्टी भरायला लागली आणि त्यांची रिकामी राहिली, आणि सहा महिन्यांत दादाला बढती.

"ते पत्र तुझं होतं," काका म्हणाले. "आणि ते मी जपून ठेवलंय. म्हणून माझ्याकडे बोट करू नकोस."

सून साहेबांकडे बघत राहिली. या माणसाला घड्याळातली गफलत ठाऊक होती आणि तो गप्प बसला, एवढं तिनं आधीच ओळखलं होतं. गप्प बसणारे तिनं दोन्ही काठांवर पुष्कळ पाहिले होते. पण यानं गफलत बघितली, मोजली आणि नदी उचलून तीत बसवली. तिच्या बापाची शेतं ज्या पाण्याच्या वादात दोन उन्हाळे पडीक राहिली, ज्याच्या पायी त्यांच्या गावात इकडच्या माणसाला चोर म्हणायची सवय लागली, तो सगळा वाद या जेवणाच्या टेबलावर बसून भात कालवत होता.

"पत्र," साहेब शांतपणे म्हणाले, "टाइप केलेलं असेल. कुणीही टाइप केलेलं असू शकतं."

तेव्हा सासूबाई हसल्या. आवाज न करता, नुसता खांदा हलला.

"कुणीही नाही," त्या म्हणाल्या. "मी केलं होतं. आपल्या पहिल्या घरात, खिडकीपाशी. तुम्ही म्हणालात खात्यातल्या टायपिस्टला दाखवायचं नाही. मला वाटलं, नवऱ्याचा किती विश्वास आहे."

काका आता वहिनींच्या बाजूला थोडे सरकून बसले, जणू खुर्चीच टोचत होती. नवरा पेनाचं टोपण लावून पुन्हा काढत होता. मघा पाच जण एका बाजूला होते आणि सून एका बाजूला. आता कोण कुठल्या बाजूला आहे हे ज्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. साहेबांनी एकेकाकडे पाहिलं. त्यांना बायकोचं बोलणं लागलं नव्हतं. हिनं तर पान पाठवलं नसेल ना, एवढंच ते बघत होते. इतकं झाल्यावरही त्यांना चोरच हवा होता.

"मला ते पान बघू द्या," सून म्हणाली.

पान साहेबांच्या शर्टाच्या खिशात होतं, चार घड्यांचं. शुक्रवारपासून त्यांनी ते कुणाच्या हातात दिलं नव्हतं. शेवटचं वाक्य तेवढं वाचून दाखवायचे, पुन्हा पुन्हा.

"तू बघितलेलंच आहेस," ते म्हणाले.

"मी चोरलंय असं तुम्ही म्हणता. चोरीचा माल चोराला ओळखायला दाखवतात. विचारा वकिलांना."

"दाखवू नका," नवरा म्हणाला.

सासूबाई उठल्या. सगळ्यांना वाटलं त्या पोळ्या आणायला चालल्या. त्यांनी खालचा खण उघडला, चमच्यांच्या मागून आजोबांचं कानातलं यंत्र काढलं, पदराला पुसलं आणि आजोबांच्या हातात ठेवलं. साहेबांनी 'अगं' म्हटलं तोवर आजोबांनी ते बसवलंही होतं. त्यांच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं होती. डाव्या हातावर आपली वेळ, उजव्यावर पलीकडची. उजवं घड्याळ पलीकडच्या पट्टीवाल्यानं त्यांना दिलेलं, म्हणजे सुनेच्या आजोबांनी. दोन पट्टीवाल्यांची दोस्ती होती म्हणून तर या घरात ही सून आली. घरातले म्हणत, म्हाताऱ्याला चळ लागलाय, दोन घड्याळं घालून हिंडतो.

"काय चोरलंय पोरीनं?" आजोबांनी विचारलं.

सासूबाईंनी त्यांना तीन वाक्यांत सांगितलं. पस्तीस वर्षांत त्या या घरात सलग इतक्या स्पष्ट बोलल्या नव्हत्या.

"दाखव तिला," आजोबा साहेबांना म्हणाले.

"अण्णा, तुम्हाला त्यातलं..."

"माझं अक्षर आहे ना? मग मी सांगतोय. दाखव."

साठीचा साहेब बापापुढे दहा वर्षांचा झाला. त्यानं घडी उलगडून कागद टेबलावर टाकला. सुनेनं तो उचलला नाही, नुसती वाकली. अक्षर आजोबांचंच, ठसठशीत, पेन्सिलीचं. पट्टीवाले शाईनं लिहीत नसत, भिजलं की फुटते. एका ओळीत आकडा चुकला होता; तो खोडरबरानं पुसलेला नव्हता. पट्टीवाल्यांचा नियमच होता, चुकलेलं पुसायचं नाही. एकच आडवी रेघ मारायची, म्हणजे खालचं वाचता यावं, आणि खरा आकडा वर लिहून शेजारी सही. हे सगळं तिला लहानपणापासून ठाऊक होतं. मग तिची नजर पहिल्या रकान्यावर गेली आणि तिथंच थबकली.

पहिला रकाना वेळेचा होता. दर ओळीत '८.००' आणि त्याखाली बारीक अक्षरात 'आपले ७.३०'.

तिनं लहानपणी बेरजा केल्या होत्या त्या असल्याच वह्यांच्या पाठकोऱ्या पानांवर. तिचे आजोबा उरलेल्या वह्या घरी आणायचे. पहिला रकाना वेळेचा आणि तो इतका अरुंद की त्यात तिचे हातचे बरोबर मावायचे.

"साहेब," तिनं विचारलं, "तुम्ही कपाट उघडून बघितलंत?"

"शुक्रवारीच. छत्तीसच्या छत्तीस वह्या जागेवर आहेत. म्हणजे पान फाडलेलं नाही, बाहेर नेऊन झेरॉक्स काढलीय. याचा अर्थ..."

"वही उघडून बघितलीत का?"

साहेबांनी ताटाकडे नजर वळवली.

"त्या सालची वही. उघडून, हे पान तीत आहे का, हे बघितलंत?"

बघितलं नव्हतं. नद्या मोजणाऱ्या माणसानं वह्यांच्या पाठी मोजल्या आणि कुलूप लावलं. बाप निवृत्त झाला तेव्हा त्या वह्या त्यानं वाचायला नव्हे, कुणी वाचू नयेत म्हणून घरी आणल्या होत्या, आणि त्या कुणीमध्ये तो स्वतःही धरलेला होता. आत काय असेल याच्या भीतीनं त्यानं घरच्या प्रत्येक माणसावर संशय घेतला, पण वहीचा पुठ्ठा काही उचलला नाही.

सासूबाईंनी जुडगं टेबलावर ठेवलं. किल्ली वकिलानं उचलली. बहुधा वकील म्हणूनच उचलली असावी. पुरावा म्हटल्यावर त्याला राहवेना. तो आत गेला. लोखंडी दाराचा करकर आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. परत आला तेव्हा वही त्याच्या हातात उघडीच होती, आणि तो चालता चालता वाचत होता.

"यात वेळेचा रकानाच नाहीये," तो म्हणाला.

"नव्हताच कधी," आजोबा म्हणाले. "आपल्या सरकारला वाटायचं, आठ म्हणजे आठ. त्यात लिहायचं काय?"

"आणि शेवटच्या पानावर बारा ओळी आहेत. पण त्या आजोबांच्या अक्षरात नाहीत."

सुनेनं वही त्याच्याकडून घेतली. मागे झुकलेलं, दाबून लिहिलेलं अक्षर, दर ओळीखाली वेलांटीसारखी सही. तिच्या आजोबांची. वारले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. त्यांच्या हातचं काहीही घरी उरलं नव्हतं, आणि ते इथं होतं, या कपाटात, तिच्या झोपायच्या खोलीपासून बारा पावलांवर.

आजोबा बोलायला लागले, आणि ज्या माणसाचं यंत्र काढून घेऊन त्याला गप्प बसवलं होतं तो चांगला पाच मिनिटं बोलला. दर महिन्याच्या एक तारखेला जोडवाचन असे. ते होडीनं पलीकडे जायचे, त्यांच्या आठला त्यांची पट्टी वाचायचे आणि त्यांच्या वहीत स्वतःच्या हातानं लिहून सही करायचे. मग दोघे होडीनं अलीकडे यायचे. नदी ओलांडायला बरोबर अर्धा तास लागायचा, त्यामुळे इकडे आपले आठ वाजलेले असायचे. मग तो दोस्त आपली पट्टी वाचायचा आणि आपल्या वहीत त्याच्या हातानं लिहायचा. एकानं दुसऱ्याच्या वहीत लिहायचं, म्हणजे खोटं लिहायची सोय कुणालाच राहत नाही. कुणा मोठ्या माणसानं शिकवलं नव्हतं, दोघांनीच ठरवलेलं.

"मग याने ते बंद केलं," आजोबा म्हणाले. साहेबांकडे त्यांनी पाहिलंही नाही. "पद्धत जुनाट आहे म्हणाला. वेळ जातो म्हणाला."

म्हणजे पान या घरातून गेलंच नव्हतं. ते कायम पलीकडे होतं, त्यांच्याच दप्तरात, त्यांच्याच वहीत, आपल्या माणसाच्या अक्षरात. कधीतरी कुणीतरी धूळ झटकली आणि त्यांना सापडलं. या घरात चोर नव्हता. जो होता तो टेबलाच्या मुख्य खुर्चीत बसला होता आणि त्याच्याविरुद्ध त्याच्याच भावानं, बायकोनं आणि बापानं एका जेवणात साक्ष दिली होती, केवळ त्यानं त्यांना चोर शोधायला बसवलं म्हणून.

नवरा तिच्या खुर्चीपाशी येऊन उभा राहिला. आवाज खाली आणून म्हणाला, "वेळेचा रकाना तुला माहीत होता. मग शुक्रवारीच का नाही बोललीस?"

"पान आज बघितलं. आणि शुक्रवारी तू मला विचारलं काय होतंस? टॉवेल कुठाय."

त्यानं टाइप केलेला कागद उचलायला हात पुढे केला. तिनं त्यावर तळहात ठेवला.

"राहू दे."

"आता याचा काही उपयोग नाही. फाडून टाकतो."

"आमच्यात फाडत नाहीत," ती म्हणाली.

साहेब बोलले तेव्हा त्यांचा आवाज घोगरा झाला होता, पण हिशेब चालूच होता. आत्ता इथं जे झालं ते या सहा जणांतच आहे. वही कपाटात आहे. भावाकडचं पत्र जुनं आहे. पलीकडच्यांनी पान बनावट केलं असंही म्हणता येईल. अक्षर कुणालाही काढता येतं. फक्त अण्णांनी, कुणी विचारलंच तर, आठवत नाही म्हणायचं. वय झालंय. कुणी दोष देणार नाही.

हे ऐकून काकांनीही मान खाली घातली. काका घाबरट होते, पण बापाला खोटं बोलायला सांगण्याइतके नव्हते.

"आई," सून म्हणाली, "पेन्सिल आहे का?"

सासूबाईंनी वाणसामानाच्या यादीची पेन्सिल दिली. दोरी बांधलेली, आखूड. सुनेनं नवऱ्याचं उघडं पेन बाजूला सारलं, कागद सरळ केला आणि 'मी घरातील कपाटातून काढून पलीकडे दिले' या शब्दांवर एकच आडवी रेघ मारली. खालचं स्पष्ट वाचता येत होतं. मग वरच्या मोकळ्या जागेत लिहिलं: 'या घरातून गेलेले नाही. ते पलीकडच्या वहीतले आहे व त्यावरचे आकडे खरे आहेत.' शेजारी सही केली. मग खाली आणखी एक ओळ वाढवली: 'वीजघराची वेळ कुणी बदलली ते पत्र काकांकडे आहे.' काकांकडे बघून थांबली. काकांनी दोन क्षण घेतले. मग मान हलवली, वर की खाली ते नीट कळलं नाही, पण नाही म्हणाले नाहीत.

"हा कागद तू समितीपुढे नेणार?" साहेबांनी विचारलं.

"तुम्हीच माझा जबाब मागितलात ना? उद्या तुमच्याबरोबर येते मी. घेऊन."

आजोबांनी हात पुढे केला. तिनं कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी चष्मा वर करून पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचला, पट्टी वाचावी तसा, बोट धरून. 'साक्षीदार' असं स्वतःच लिहिलं. मग पेन्सिल तिला परत दिली.

"वेळ राहिली. वेळ लिही."

भिंतीवरचं घड्याळ आपल्या वेळेचं होतं. तीन वाजून चाळीस मिनिटं. ती लिहायला वाकली आणि थांबली.

"कुठली, आजोबा?"

आजोबांनी दोन्ही मनगटं टेबलावर ठेवली, घड्याळं वर करून.

"दोन्ही," ते म्हणाले.

तिनं आधी '४.१०' लिहिलं आणि त्याखाली, बारीक अक्षरात, 'आपले ३.४०'. आजोबांनी उजवं मनगट पाहिलं, डावं पाहिलं, आणि सही केली.